युरोपात गाडी, रेल्वे की विमान? टप्प्याटप्प्याने ठरवायची रीत

पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. मराठी घरातली पहिली युरोपवारी बहुतेक वेळा या तीन नावांभोवती फिरते. मग कुणाचा तरी भाचा ॲमस्टरडॅमला असतो, कुणाला प्राग बघायचं असतं आणि यादी पाच-सहा देशांवर जाते. ग्रुप टूरची बस नको, आपलं आपण फिरू, असं ठरलं की घरात तट पडतात. एकाला जर्मनीच्या ऑटोबानवर गाडी पळवायची असते, दुसऱ्याला आल्प्स बघत रेल्वेने जायचं असतं आणि तिसरा मोबाइलवर एकोणीस युरोंचं विमानाचं तिकीट दाखवतो.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पंधरा दिवसांच्या अख्ख्या सहलीला एकच वाहन लावायचा हट्ट मात्र महाग पडतो, पैशाने आणि वेळेनेही. वाहन सहलीसाठी नाही, टप्प्यासाठी निवडायचं. ते कसं, हे पुढे क्रमाने सांगतो. भाड्यांचे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत, हंगामाप्रमाणे ते खालीवर होतात.

पहिली पायरी: नकाशा आणि व्हिसा एकत्र मांडा

कागदावर शहरांची नावं लिहा आणि ती एका रेषेत येतात का ते बघा. पॅरिस–ल्युझर्न–मिलान–फ्लॉरेन्स–रोम ही सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणारी रेषा आहे. पॅरिस–रोम–ॲमस्टरडॅम–व्हेनिस ही रेषा नाही, गुंता आहे. तो गुंता सोडवायला विमानं लागतात आणि प्रत्येक विमानात जवळजवळ एक दिवस जातो. त्यामुळे वाहनाचा विचार करण्याआधी शहरांचा क्रम बदला.

मुंबईहून जाण्या-येण्याचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय वापरा. पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परतायचं. पुष्कळदा हे तिकीट पॅरिसला जाऊन पॅरिसहूनच परतण्याच्या तिकिटाएवढंच पडतं. थोडं जास्त पडलं, तरी रोमहून पॅरिसला परत येण्याचा दिवस, भाडं आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. इतका पैसा आणि वेळ वाचवणारी दुसरी युक्ती या लेखात नाही.

व्हिसाचं गणित वाहनाशी जोडलेलं आहे. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन गटात आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, बल्गेरिया आणि रुमानिया २०२५ पासून पूर्णपणे आत आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. म्हणजे मार्गात लंडन घुसवलं की ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि लंडनहून परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. म्हणून मार्ग आधी पक्का व्हायला हवा.

सीमेवर कुणी अडवत नाही असं आपण ऐकलेलं असतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. पोलीस गाडी थांबवतात, ट्रेनच्या डब्यातही येतात. मूळ पासपोर्ट सूटकेसच्या तळाशी नको, हाताशी हवा.

दुसरी पायरी: प्रत्येक टप्प्याचे दारापासून दारापर्यंतचे तास मोजा

‘विमानाला सव्वा तास लागतो’ हे वाक्य फसवं आहे. पॅरिस ते ॲमस्टरडॅम घ्या. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. हॉटेलमधून शार्ल द गॉल विमानतळावर जायला पाऊण ते एक तास, तिथे दीड-दोन तास आधी पोचायचं, उड्डाण सव्वा तास, बॅगा मिळेपर्यंत अर्धा तास, मग शहरात यायला वीस-पंचवीस मिनिटं. झाले पाच तास. यूरोस्टार ट्रेन गार दु नोर स्थानकातून सुटते आणि साधारण तीन तास वीस मिनिटांत ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकात सोडते. अर्धा तास आधी पोचणं आणि मेट्रो धरून सव्वाचार तास. गाडीने साडेपाच-सहा तास लागतात आणि पोचल्यावर ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात पार्किंगला तासाला सात-आठ युरो मोजावे लागतात. या टप्प्याचा निकाल लागला.

असाच हिशेब प्रत्येक टप्प्याचा करा. माझा ढोबळ नियम असा: थेट ट्रेनचा प्रवास चार तासांच्या आत असेल तर विमानाकडे बघूही नका. चार ते सात तासांत दोन्ही तपासा. सातच्या वर विमान, किंवा सोयीची असेल तर रात्रीची ट्रेन. फ्रान्सने तर २०२३ मध्ये कायदाच केला, आणि जिथे अडीच तासांच्या आत ट्रेनने जाता येतं अशी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिऑंला जाणारी उड्डाणं बंद केली.

नेहमीच्या मार्गांवरचे ट्रेनचे वेळ असे. पॅरिस–ब्रसेल्स दीड तासाच्या आत, पॅरिस–झुरिक चार तास, झुरिक–मिलान सव्वातीन तास, मिलान–व्हेनिस अडीच तास, व्हेनिस–फ्लॉरेन्स दोन तास, फ्लॉरेन्स–रोम दीड तास, प्राग–व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, माद्रिद–बार्सिलोना अडीच तास. पॅरिस–मिलान थेट ट्रेन सात तास घेते, पॅरिस–बार्सिलोना पावणेसात. हे दोन्ही काठावरचे. खिडकीतला देखावा हवा असेल तर ट्रेन, घाई असेल तर विमान.

काही ठिकाणी रेल्वेचा प्रश्नच येत नाही. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. आइसलँडमध्ये कुठेच नाही.

तिसरी पायरी: रेल्वे घेतली तर पास की सुटं तिकीट?

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी यूरेल पास असतो. तिथे राहणाऱ्यांसाठी तोच इंटररेल नावाने मिळतो, म्हणून जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने आई-बाबांसाठी चुकून इंटररेल घेऊ नये. पास ३३ देशांत चालतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर फुकट पास मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. साठीच्या पुढे सवलत आहे, सत्तावीसपर्यंतच्या तरुणांनाही आहे.

पण हा लोकलचा पास नव्हे. फ्रान्सची टीजीव्ही, यूरोस्टार, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची एव्हीई, या सगळ्या वेगवान ट्रेनना पास असूनही वेगळं आरक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. इटलीत ते साधारण तेरा युरो, यूरोस्टारला तीसच्या पुढे. त्यात पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात, उन्हाळ्यात त्या आधीच संपतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ट्रेनना आरक्षणाची सक्ती नाही. तिथे पासचं खरं सुख मिळतं: एक ट्रेन चुकली तर पुढची.

पॅरिस–ल्युझर्न–मिलान–फ्लॉरेन्स–रोम या चार टप्प्यांचा हिशेब करून बघा. दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं माणशी सव्वाशे-दीडशे युरोंत बसतात. चार दिवसांचा यूरेल पास तीनशेच्या आसपास, वर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण. इथे पास हरतो. तो जिंकतो ते सहा-सात मोठे प्रवास असतील, बेत आयत्या वेळी बदलायची मुभा हवी असेल, किंवा मुलं फुकट जात असतील तेव्हा. विकणारे ‘पास घ्या, निर्धास्त फिरा’ म्हणतात, तरी हिशेब स्वतः मांडावा.

सुटी तिकिटं विमानासारखी विकली जातात, जितकी आधी तितकी स्वस्त. विक्री साधारण तीन-चार ते सहा महिने आधी उघडते. पॅरिस–झुरिकचं जे तिकीट लवकर काढलं तर चाळीस युरोंच्या आसपास मिळू शकतं, तेच शेवटच्या आठवड्यात शंभराच्या वर जातं. स्वस्त तिकीट त्या ठराविक ट्रेनपुरतंच चालतं आणि बहुधा परत होत नाही. लहान, प्रादेशिक ट्रेनचं भाडं मात्र कायम तेच असतं. फ्लॉरेन्स–पिसा किंवा मिलान–कोमोसाठी महिनाभर आधी धावपळ करू नका. इटलीत अशा ट्रेनचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर छाप मारून घ्यायचा. तो नसेल तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

स्वित्झर्लंडचं प्रकरण वेगळं. तिथे स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात ट्रेन, पिवळ्या पोस्ट-बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम सगळं येतं, पाचशेहून अधिक संग्रहालयंही येतात. सहा ते पंधरा वर्षांची मुलं आई-वडिलांबरोबर फुकट फिरतात. रिगी पर्वतावर या पासने पैसे न देता जाता येतं, युंगफ्राउयोखला मात्र फक्त सवलत मिळते. रोज कुठे ना कुठे जाणार असाल तर हा पास घ्या. एकाच गावात मुक्काम ठेवून दोन-तीन महागडे डोंगर करणार असाल, तर अर्ध्या भाड्याचं हाफ फेअर कार्ड जास्त उपयोगी पडतं.

स्थानकांची नावं नीट वाचा. व्हेनिसला दोन आहेत: मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया बेटावर. बाहेर पडताच समोर ग्रँड कॅनॉल दिसतो तो सांता लुचियाला. मेस्त्रेला उतरलात तर समोर बसथांबा आणि हॉटेलं. पॅरिसला तर स्थानकंच सात. ॲमस्टरडॅमहून येणारी ट्रेन गार दु नोरला येते, स्वित्झर्लंडची गार द लिऑंहून सुटते. दोन्हींमध्ये उपनगरी रेल्वेचे दोनच थांबे आहेत, पण बॅगा घेऊन, जिने चढत-उतरत निदान तासाभराचं अंतर ठेवा.

बॅगांवरून आठवलं. युरोपात हमाल नाही. डब्याच्या पायऱ्या उंच, दाराशी गर्दी, ट्रेन दोन-तीन मिनिटंच थांबते. माणशी एक मध्यम बॅग, जी स्वतःला उचलता येईल, हा नियम रेल्वेने जाणाऱ्यांनी डोळे मिटून पाळावा. अठ्ठावीस इंची दोन-दोन बॅगा घेऊन रेल्वेचा बेत आखणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

जर्मनीच्या ट्रेन वेळेवर धावतात हा समज आता जुना झाला. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या ट्रेनपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरून. जर्मनीत ट्रेन बदलायची असेल तर आठ मिनिटांची जोडणी घेऊ नका, निदान पाऊण तास ठेवा. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर चुकलेल्या जोडणीनंतर पुढच्या ट्रेनने जाता येतं. वेगवेगळी स्वस्त तिकिटं असतील तर तो हक्क राहीलच असं नाही. तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या पुढे निम्मं भाडं परत मागता येतं. तिकीट फेकून देऊ नका.

झुरिक–ॲमस्टरडॅमसारख्या रात्रीच्या नाइटजेट ट्रेनमध्ये बसून जायची खुर्ची, सहा जणांचा कुशेत (झोपायच्या बाकांचा सामायिक डबा) आणि खाजगी स्लीपर असे प्रकार असतात. चौघांचं कुटुंब असेल तर आख्खा कुशेत डबा घेता येतो का ते बघा. हॉटेलची एक रात्र वाचते. खुर्चीचं तिकीट मात्र स्वस्त दिसलं तरी पस्तिशीच्या पुढच्या माणसाने घेऊ नये, असं माझं मत.

चौथी पायरी: गाडी कुठे घ्यायची, आणि कुठे मुळीच नाही

गाडी शहरांसाठी नाही, शहरांच्या मधल्या मुलखासाठी. इटलीच्या तोस्कानातली टेकड्यांवरची गावं, फ्रान्सचा आल्झास आणि प्रोव्हान्स, जर्मनीचं ब्लॅक फॉरेस्ट, इटलीतले डोलोमाइट डोंगर, स्लोव्हेनिया, क्रोएशियाचा किनारा. इथे दिवसाला दोनच बस असतात आणि खरी मजा वाटेत थांबण्यात असते. पॅरिस, रोम, फ्लॉरेन्स, ॲमस्टरडॅम इथे गाडी म्हणजे लोढणं. व्हेनिसमध्ये गाडी शिरतच नाही, पियाझाले रोमाच्या महागड्या पार्किंगमध्ये सोडावी लागते. झेरमाटला जायचं तर गाडी टेशला ठेवून ट्रेन, वेंगेनला जायचं तर लाउटरब्रुनेनला.

कागदपत्रं आधी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देतं, अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून करता येतो, शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ भारतीय परवाना न्यायलाच हवा, एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ नाही. गाडी देणाऱ्या कंपनीला चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत अडकवून ठेवतात. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना चालत नाही. डेबिट कार्डावर तर बरेचदा नाहीच म्हणतात. पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा आकार पडतो.

आता अनेक देशांचा मुद्दा. इथेच गाडीचा हिशेब बिघडतो. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर परतीचा आकार काही शे युरो लागू शकतो, कधीकधी आठवड्याच्या भाड्याइतका. त्यामुळे गाडी ज्या देशात घेतली तिथेच परत करा. म्युनिकहून घेऊन साल्झबुर्ग, हालश्टाट आणि इटलीतलं दक्षिण तिरोल बघून पुन्हा म्युनिकला आलात तर तीन देश होतात आणि हा आकार लागत नाही. कुठल्या देशांत नेणार हे गाडी घेताना लिहून द्या. पूर्वेकडचे आणि बाल्कनमधले काही देश पुष्कळ कंपन्या वर्ज्य ठेवतात. न सांगता नेलीत आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

प्रत्येक देशाची रस्तेपट्टी वेगळी. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचा परवाना, वर्षाचंच मिळतं, चाळीस फ्रँक. एक दिवस जा की तीनशे दिवस, तेवढेच. ऑस्ट्रियात एक दिवसाचं आणि दहा दिवसांचं मिळतं, दहा दिवसांचं बारा-तेरा युरोंत. त्याशिवाय ब्रेनर खिंडीसारख्या रस्त्यांना वेगळा टोल. स्लोव्हेनिया, चेकिया, हंगेरी यांचीही आपापली विन्येटं आहेत आणि सगळी ऑनलाइन, गाडीच्या क्रमांकावर घेता येतात. स्विस किंवा ऑस्ट्रियन गाडीला त्या देशाचं विन्येट बहुधा लावलेलं असतं, इटलीत घेतलेल्या गाडीला नसतं. फ्रान्स आणि इटलीत अंतराप्रमाणे टोलनाके आहेत. पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए१३ रस्त्यावर मात्र आता नाकेच नाहीत. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि पैसे ७२ तासांत ऑनलाइन भरायचे. जर्मनीत साध्या मोटारीला टोल नाही.

इटलीत सगळ्यात मोठा सापळा झेडटीएलचा. जुन्या शहरांच्या मध्यभागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही आणि वेशीवर कॅमेरे बसवलेले असतात. फ्लॉरेन्स, पिसा, रोम, सिएना, सगळीकडे. अडवणारा कुणी नसतो, म्हणून कळतही नाही. दंडाची चिठ्ठी वर्षभरानेही घरी येऊ शकते. शंभर युरोंच्या आसपास दंड, शिवाय गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल वेगळे पैसे कार्डावरून कापते. एकाच दिवशी तीनदा शिरलात तर तीन दंड. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर आधी त्यांना विचारा, पुष्कळ हॉटेलं गाडीचा क्रमांक नोंदवून परवानगी मिळवून देतात. नाहीतर गाव दिसू लागलं की बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि चालत जा.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. पहिल्या दिवशी ऑटोमॅटिक गाडी घेतली तर मेंदूवरचं निम्मं ओझं उतरतं. ती महाग असते आणि संख्येने कमी, म्हणून आधी आरक्षित करा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर थेट विमानतळावरून गाडी घेऊन महामार्गाला लागू नका. एक रात्र झोपा, दुसऱ्या दिवशी घ्या. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू आहे. त्यामुळे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गाडी चालवणं भारतीय चालकाला उलट सोपं जातं.

पेट्रोल पंपावर ‘गाझोल’, ‘गाझोइल’ किंवा ‘गासोलेओ’ लिहिलं असेल ते डिझेल. चुकीचं इंधन भरलं तर विमा त्याची भरपाई करत नाही. इंधन लिटरला दीड ते दोन युरो धरा. पाचशे किलोमीटरला पस्तीस लिटर म्हणजे साठेक युरो, त्यावर टोल, पार्किंग, भाडं आणि अपघातात आपल्या वाट्याला येणारी रक्कम शून्यावर आणणारा जादा विमा. दोघांसाठी हा खर्च जड होतो. चौघं-पाच जणांत वाटला की रेल्वेशी बरोबरी करतो. मुलं साधारण १३५ ते १५० सेंमी उंचीची होईपर्यंत त्यांना वेगळं आसन लागतं, देशानुसार मर्यादा बदलते. त्याचंही दिवसाचं भाडं असतं.

डोंगरातल्या उंच खिंडी बारमाही उघड्या नसतात. ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लोकनर रस्ता साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच, स्टेल्व्हिओ आणि फुर्का त्याहून उशिरा उघडतात. आपल्याकडच्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी नेउमजवळ बोस्नियाची पट्टी ओलांडावी लागे, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यावं लागे. २०२२ मध्ये पेल्येशाच पूल झाला आणि तो प्रश्न मिटला. नकाशाचं ॲप तरीही कधी नेउमचा रस्ता दाखवतं. बोस्निया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे एक प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो रस्ता घेऊ नका.

पाचवी पायरी: विमान, पण बॅगेसकट

विमान हे लांब उड्यांसाठी. रोमहून बार्सिलोना, पॅरिसहून अथेन्स, व्हिएन्नाहून लिस्बन. एकोणीस युरोंच्या तिकिटात पाठपिशवीएवढीच बॅग येते. रायनएअर आणि विझ एअरला साधारण ४०×३०×२० सेंमी, ईझीजेटला ४५×३६×२०. मोठी बॅग घातली की एका बॅगेमागे तीस ते साठ युरो, आणि तेही आधी ऑनलाइन भरले तर. विमानतळावर जास्त. चौघांच्या चार बॅगा धरून मग भाव बघा.

विमानतळाचं नावही तपासा. ‘पॅरिस’ म्हणून विकलेलं बोव्हे शहरापासून सुमारे ८५ किमी दूर आहे, ‘मिलान’चं बेर्गामो ५० किमी, ‘ब्रसेल्स’चं शार्लरॉय त्याहून थोडं जास्त. काही स्वस्त कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर तपासून घ्यायला लावतात. बॅग नसली तरी रांगेचा वेळ धरा. युरोपातून सुटणारं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असेल, तर १५०० किमीपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मागता येते. भारतीय प्रवाशांनाही हा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

सहावी पायरी: माणसं मोजा

दोघं तरुण असतील तर रेल्वे जवळजवळ नेहमीच. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर रोज हॉटेल बदलणारा रेल्वेचा बेत त्यांना दमवतो. अशा वेळी मुक्काम कमी आणि लांब ठेवा. ल्युझर्नला चार रात्री राहून रोज हातात फक्त पिशवी घेऊन ट्रेनने फिरता येतं, डोंगरावर वरपर्यंत रेल्वे जाते. पायऱ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी एखादा दिवस चालकासह गाडी घेणंही परवडतं.

सहा-सात जण असतील तर एका गाडीत माणसं बसतील, बॅगा बसणार नाहीत. सातआसनी गाडीत मागची रांग उघडली की डिकी उरत नाही. एक तर नऊ आसनी व्हॅन घ्या किंवा रेल्वे.

शाकाहारी कुटुंबांसाठी गाडीचा एक फायदा: स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरायचं, वाटेत सुपरमार्केटमधून भाजी घ्यायची. मुंबईहून चिवडा, थेपले, मेतकूट न्या. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ नको, युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

एक नमुना

आई, बाबा, आठ आणि तेरा वर्षांची मुलं, चौदा रात्री, जून महिना. मुंबई–पॅरिस विमान, तीन रात्री, फिरणं मेट्रोने. गार द लिऑंहून टीजीव्हीने तीन तासांत बाझेल, तिथून तासाभरात ल्युझर्न. चार रात्री स्विस ट्रॅव्हल पासवर, मुलं फुकट. मग गॉटहार्डच्या ५७ किमी लांब बोगद्यातून मिलान, तिथे ट्रेन बदलून दोन तासांत फ्लॉरेन्स. दोन रात्री, पायी. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून गाडी घ्यायची. शहराच्या आतल्या कार्यालयातून नको, कारण ती झेडटीएलच्या उंबरठ्यावर असतात. सिएना, सान जिमिन्यानो, व्हाल दोर्चा, शेतातल्या घरात दोन रात्री. गाडी तिथेच परत, दीड तासात ट्रेनने रोम, तीन रात्री, आणि रोमहून घरी. तीन देश, एकही अंतर्गत विमान नाही, गाडी फक्त जिथे तिच्यावाचून अडतं तिथे.

यात बार्सिलोना हवंच असेल तर ते शेवटी टाका: रोम–बार्सिलोना विमान आणि परतीचं तिकीट बार्सिलोनाहून. मध्ये घुसवू नका.

आरक्षणाचा क्रम

मार्ग पक्का, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी जितका लवकर तितका बरा, कारण स्वस्त रेल्वे तिकिटं आणि व्हिसा यांची शर्यत असते. अर्जासोबत हॉटेलची रद्द करता येणारी आरक्षणं जोडा. विम्याचं संरक्षण किमान तीस हजार युरोंचं हवं. परत न होणारं रेल्वे तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. अपवाद यूरोस्टार आणि रात्रीची ट्रेन, ती लवकर संपतात. त्यांच्यासाठी बदलता येणारं थोडं महाग तिकीट घ्या. सुरू न केलेला यूरेल पास काही रक्कम कापून परत करता येतो, सवलतीत घेतलेला मात्र बहुधा नाही. गाडीचं आरक्षण रद्द करता येणारं असतं, ते आत्ताच करून ठेवा आणि महिन्याने भाव पुन्हा बघा.

निघण्याच्या आठवड्यात इटली आणि फ्रान्समधल्या संपांच्या बातम्या तपासा. इटलीत संप आधी जाहीर होतो. त्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात प्रादेशिक ट्रेन चालवाव्याच लागतात, आणि लांब पल्ल्याच्या कुठल्या ट्रेन हमखास धावणार त्याची यादी रेल्वेच्या संकेतस्थळावर असते. विमानाने घरी परतायचा दिवस संपाचा असेल, तर आदल्या संध्याकाळीच विमानतळाच्या शहरात येऊन झोपा.